आई-बाबांच्या गोळ्यांना मराठी लेबल: इंग्रजी न येणाऱ्या पेशंटसाठी घरच्या घरी कसं करायचं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी आई ७१ वर्षांची, कराडजवळ गावाकडे एकटी राहते. मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते, पण इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. तिला डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल दिली, ६०,००० युनिटची, आठवड्यातून एकदा. चिठ्ठी इंग्रजीत, पाकीट इंग्रजीत, मेडिकलवाल्याने गर्दीत तोंडी काहीतरी सांगितलं, आणि हिने ४ कॅप्सूल ४ दिवसांत संपवून मला फोन केला, "अगं ती गोळी संपली, अजून आणू का?" डॉक्टरांनी पुढचे डोस थांबवायला सांगितले आणि त्यावर निभावलं. पण संधिवातावरची मेथोट्रेक्सेट पण अशीच आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि ती जर कुणी रोज घेतली ना तर जिवावर बेततं. त्या दिवसापासून मी आईच्या, मग सासूबाईंच्या, मग बिल्डिंगमधल्या दोन-तीन काकूंच्या गोळ्यांना मराठी लेबलं लावून देतेय. त्यात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे सगळं लिहितेय.

आधीच एक सांगते, मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट पण नाही. आपण फक्त डॉक्टरांनी जे सांगितलंय ते पेशंटला कळेल असं लिहितोय. डोस आपल्या मनाने बदलायचा नाही, "ही गोळी कशाला हवी" असं ठरवायचं नाही. शंका आली तर फोन करायचा.

काय काय लागेल

- सगळ्यात नवीन चिठ्ठी, आणि हॉस्पिटलमधून सोडताना दिलेला डिस्चार्ज कागद असेल तर तो पण
- मेडिकलची बिलं (यावर औषधाचं नाव टाइप केलेलं असतं, डॉक्टरांचं अक्षर लागत नसेल तर याचा मोठा आधार)
- पांढरे स्टिकर किंवा जखमेला लावायची कागदी चिकटपट्टी, ही चांगली चिकटते आणि यावर पेन नीट चालतं
- न पुसणारा काळा जाड मार्कर. बॉलपेन नको, चष्मा नसेल तर दिसत नाही
- चेनवाल्या पारदर्शक पिशव्या, ८-१०
- पातळ औषध असेल तर मिलिलिटरच्या खुणा असलेलं माप किंवा सुईशिवायची सिरिंज
- मोबाईलचा कॅमेरा
- आणि स्वतः पेशंट. हे सगळ्यात महत्त्वाचं, त्यांच्या मागे बसून लेबलं करू नका

१. आधी सगळा ढीग बाहेर काढा

देवघरातला डबा, फ्रीजचं दार, पर्स, उशाखाली, सगळीकडून गोळ्या गोळा करून एका चादरीवर मांडा. मला आईकडे बीपीच्या एकाच औषधाच्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्ट्रिप सापडल्या. मेडिकलमध्ये नेहमीची कंपनी नसली की तो दुसरी देतो, रंग बदलतो, आकार बदलतो, आणि आपल्याकडे गोळी ओळखायची पद्धत काय तर "ती पिवळी", "ती छोटी गुलाबी". मग पिवळीपण घेतली जाते आणि तिच्या जागी आलेली पांढरीपण.

म्हणून स्ट्रिपवर ब्रँडच्या नावापेक्षा आतल्या औषधाचं नाव बघा. २०१८ पासून नियम असा आहे की गोळीवर मूळ औषधाचं नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापायचं (तीन किंवा जास्त औषधं एकत्र असलेल्या गोळ्या आणि व्हिटॅमिनच्या एकत्र गोळ्या यातून वगळल्यात). नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही सारखे असतील तर बहुतेक ते एकच औषध, मेडिकलवाल्याला दाखवून खात्री करा आणि एकच पिशवी करा.

एकत्र औषधांच्या गोळ्यांकडे मात्र नीट बघा. सर्दीच्या बऱ्याचशा गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच, अंगदुखीच्या कॉम्बिफ्लामसारख्या गोळीत पण असतं, आणि वर तापासाठी डोलो ६५० चालू. पेशंटला वाटतं तीन वेगवेगळी औषधं आहेत, पोटात जातं तीनदा पॅरासिटामॉल. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही वरची मर्यादा, वयस्कर, लिव्हरचा त्रास असलेल्यांना त्याहून कमी. असल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून वर लिहा: "यातली एका वेळी एकच."

एक्स्पायरी गेलेल्या बाजूला काढा. स्ट्रिपवर ०८/२०२६ असं असेल तर ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते. मेडिकलवाला अर्धी स्ट्रिप कापून देतो तेव्हा तारखेचा तुकडा बऱ्याचदा त्याच्याकडेच राहतो, तर तारीख असलेला भाग मागून घ्या, नाहीच दिला तर तिथल्या तिथे फोटो काढा.

२. चिठ्ठीतली अक्षरं उलगडा

डॉक्टर लोक जे लिहितात ते बरचसं लॅटिनचं लघुरूप असतं. चिठ्ठीवर रोमन लिपीत असतं पण वाचताना असं वाचा:

- ओडी: दिवसातून एकदा
- बीडी: दोनदा
- टीडीएस किंवा टीआयडी: तीनदा
- क्यूआयडी: चारदा
- एचएस: रात्री झोपताना
- एसी: जेवणाआधी, पीसी: जेवणानंतर
- एसओएस: त्रास झाला तरच, रोज नाही

यात एक गंमत आहे. डोळ्यांच्या थेंबांच्या चिठ्ठीत ओडी म्हणजे उजवा डोळा पण असू शकतं, ओएस म्हणजे डावा, ओयू म्हणजे दोन्ही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कुठल्या डोळ्यात काय घालायचं हे अंदाजाने ठरवू नका, विचारा.

१-०-१ ही आपल्याकडची सोपी पद्धत, सकाळ-दुपार-रात्र. पण हे आपल्याला माहीत असतं, पेशंटला असेलच असं नाही. शेजारच्या काकू मधल्या शून्याला "दुपारी जेवायचं नाही" समजत होत्या, खरंच.

अक्षर लागलंच नाही तर दवाखान्यात फोन करा, संकोच करू नका. औषधाचं मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असं वैद्यकीय परिषदेने २०१६ सालीच डॉक्टरांना सांगितलंय, त्यामुळे विचारण्यात आपण काही उद्धटपणा करत नाही आहोत.

३. भाषांतर करू नका, सांगा

माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. मी पहिली लेबलं लिहिली ती अशी: "दिवसातून दोनदा, अन्नासोबत". व्याकरण बरोबर, शुद्धलेखन बरोबर, आणि उपयोग शून्य. मावशीने "दोनदा" म्हणून सकाळी ८ ला एक आणि ११ ला एक घेतली, झालं की दोनदा! आणि "अन्नासोबत" म्हणून एकांनी गोळी कुस्करून आमटीत घातली.

अमेरिकेत २००६ साली एक अभ्यास छापून आला होता, बाटलीवरच्या लेबलांवर. वाचन कच्चं असलेल्या पेशंटपैकी साधारण ७० टक्के लोकांनी "दोन गोळ्या दिवसातून दोनदा" ही सूचना बरोबर वाचून दाखवली, पण मग दिवसाच्या गोळ्या मोजून दाखवा म्हटल्यावर बरोबर मोजणारे निघाले साधारण ३५ टक्के. म्हणजे वाचता आलं हे पुरेसं नाहीच.

तर लेबलवर पेशंटचा दिवस लिहा, घड्याळ नाही. त्यांना विचारा, उठल्यावर काय करता, चहा कधी, जेवण कधी, झोपता कधी. माझी आई ५ ला उठते, ५:१५ ला चहा, आणि थायरॉइडची गोळी "उपाशीपोटी" लिहिली तर ती चहानंतर घेणार, कारण तिच्या हिशोबात चहा म्हणजे खाणं नव्हे. ही गोळी चहाच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी नुसत्या पाण्यासोबत घ्यायची असते. म्हणून आता तिच्या बाटलीवर आहे:

"थायरॉइड. उठल्याबरोबर, तोंड धुतलं की १ गोळी. फक्त पाणी. चहा अर्ध्या तासानंतर."

थोडक्यात प्रत्येक लेबलवर चारच गोष्टी, याच क्रमाने: कशासाठी, कधी, किती, आणि एक खास सूचना असलीच तर. औषधाचं नाव मराठी अक्षरात बाजूला बारीक लिहा, दवाखान्यात विचारलं तर सांगता यावं म्हणून.

मी वापरते ते काही शब्द, तुमच्या घरच्या बोलीप्रमाणे बदला:

- "बाह्य वापरासाठी" नको. "वरून लावायचं, पोटात घ्यायचं नाही."
- "आवश्यकतेनुसार" नको. "छातीत दुखलं तरच", "उलटी झाली तरच", काय झालं तर ते नेमकं लिहा.
- "साप्ताहिक" तर अजिबात नको. "फक्त रविवारी." वार लिहा, आणि वार मोठ्या अक्षरात.

मोबाईलवर फोटो काढून आपोआप भाषांतर करणारी ॲप वापरायचा मोह होतो. वापरा, पण फक्त अंदाज घ्यायला. मला एकदा मलमाच्या ट्यूबवर "दिवसातून दोनदा अर्ज करा" असं मिळालं होतं. हे हसण्यावारी जातं, पण आकडा चुकला तर हसायला कुणी उरणार नाही. आणि काही पाकिटांवर जो क्यूआर कोड असतो (ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडना सक्तीचा आहे) त्यात औषधाचं नाव, कंपनी, बॅच, तारखा मिळतात, औषध खरं आहे का बघायला तो चांगला. कसं घ्यायचं ते त्यात नसतं, तिथे वेळ घालवू नका.

४. चित्रं काढा, पण तपासून

ज्यांना मराठीही वाचायला जड जातं त्यांच्यासाठी चित्रं. सकाळला सूर्य, रात्रीला चंद्र, हे तर मेडिकलवाले पण पाकिटावर काढतात. मी सासूबाईंसाठी छान चंद्रकोर काढली आणि आठवडाभराने कळलं की त्या रात्रीची गोळी अर्धी मोडून घेतायत. अर्धा चंद्र म्हणजे अर्धी गोळी! चूक त्यांची नाहीच. आता मी रात्रीसाठी अंथरूण-उशी काढते आणि गोळ्या जितक्या तितके भरलेले गोल काढते. अर्धी असेल तर अर्धा रंगवलेला गोल.

सूर्य दोन काढू नका, सकाळचा आणि दुपारचा वेगळा ओळखता येत नाही. दुपारला ताट.

५. लेबल कुठे लावायचं

स्ट्रिपवर थेट स्टिकर लावलात तर खालचं नाव, बॅच आणि तारीख झाकली जाते, आणि अर्धी स्ट्रिप संपली की लेबलही चुरगळतं. स्ट्रिप चेनच्या पिशवीत, लेबल पिशवीवर. बाटली असेल तर छापील मजकुराच्या मागच्या बाजूला.

वारांचे खाने असलेले डबे छान दिसतात पण सगळ्याच गोळ्या स्ट्रिपमधून काढून ठेवायच्या नसतात. फिट्सच्या काही गोळ्या हवेतली ओल खेचून मऊ पडतात, कोकणात पावसाळ्यात तर विचारायलाच नको. डब्यात भरायच्या असतील तर फार्मासिस्टला विचारून, आणि जास्तीत जास्त एका आठवड्याच्या.

६. या औषधांना वेगळं लेबल हवंच

इथे थोडं थांबून वाचा, खरे घोळ इथे होतात.

दम्याच्या मशीनमधली कॅप्सूल: दिसते साध्या कॅप्सूलसारखी, त्यामुळे लोक पाण्यासोबत गिळतात आणि "औषधाने काही फरक नाही" म्हणतात. लेबल: "गिळायची नाही. मशीनमध्ये घालून तोंडाने ओढायची. नंतर चूळ भरायची." योनीमार्गात ठेवायच्या गोळ्यांचंही तसंच, लाजेने कोणी नीट सांगत नाही आणि त्या पोटात जातात. लाज सोडून स्पष्ट लिहा.

इन्सुलिन: आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचं असतं, पेनमधलं १०० युनिटचं. सिरिंजही दोन, ४० साठी लाल टोपीची, १०० साठी केशरी टोपीची. १०० च्या सिरिंजने ४० चं इन्सुलिन घेतलं तर डोस निम्म्याहून कमी जातो, उलट झालं तर अडीचपट, आणि साखर एकदम खाली. बाटलीला आणि सिरिंजच्या पिशवीला एकाच रंगाची पट्टी लावा आणि लिहा: "लाल टोपीचीच सिरिंज." उघडल्याची तारीख पण लिहा, बरीचशी इन्सुलिन उघडल्यावर ४ आठवडेच चालतात, आपलं कितीचं ते पाकिटावरून बघून शेवटची तारीखच लिहून टाका. बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं नाही हेही.

औषध हळूहळू सोडणाऱ्या, बराच वेळ चालणाऱ्या गोळ्या: नावामागे एसआर, ईआर, एक्सएल असं काही असतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्या मोडायच्या नाहीत, कुटायच्या नाहीत. "अख्खी गिळायची."

लहान मुलांचं पातळ औषध: तापाचे थेंब आणि तापाचं सिरप ही दोन वेगळी औषधं समजा. थेंबांमध्ये सहसा एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० किंवा २५० सुद्धा. एकाचं माप दुसऱ्याला लावलं की घोळ. आणि चमचा लिहू नका, घरात चार आकाराचे चमचे असतात. सिरिंजवर मार्करने रेघ मारून द्या, "इथपर्यंत". पावडरमध्ये पाणी घालून करायचं अँटिबायोटिक असेल तर उकळून गार केलेलं पाणी, खुणेपर्यंत, आणि कोणत्या तारखेला टाकून द्यायचं ते, बहुतेकांचं ७ दिवसांत संपवायचं असतं.

७. उपासाचं आधी विचारून घ्या

हे मला कुठेच लिहिलेलं सापडलं नाही म्हणून वेगळा मुद्दा. "जेवणानंतर" असं लेबल लावलंत आणि आली एकादशी. जेवणच नाही, मग आईने बीपीची गोळीपण घेतली नाही, तिच्या डोक्यात हिशोब सरळ होता. उलट सासूबाईंनी श्रावणी सोमवारी फक्त दूध-केळं खाल्लं आणि साखरेची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेमाने घेतली, संध्याकाळी घाम फुटून हातपाय थरथरायला लागले. साखर उतरली होती.

तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा उपासाचे दिवस सांगा, कोणती गोळी तरीही घ्यायची आणि कोणती कमी करायची किंवा टाळायची ते विचारा, आणि लेबलवरच लिहा: "उपास असला तरी घ्यायची" किंवा डॉक्टर सांगतील ते. रमझानचे रोजे असतील त्यांच्यासाठीही हेच, महिना सुरू व्हायच्या आधी विचारायचं.

८. वाचून नाही, करून दाखवायला सांगा

लेबलं झाली की पेशंटला "कळलं ना?" विचारू नका. कुणीही "हो कळलं" म्हणतं, विशेषतः पोरीने इतका वेळ खटपट केल्यावर. त्याऐवजी म्हणा, "आई, आज रात्रीच्या गोळ्या मला काढून दाखव." मग "उद्या सकाळच्या." मग "सर्दी झाली तर कुठली?" अडखळली तर लेबल चुकलंय, आई नाही. लेबल परत लिहा. मी सासूबाईंचं इन्सुलिनचं लेबल चार वेळा लिहिलं.

९. आई-बाबा सहा महिने परदेशात जाणार असतील तर

तिथली गोष्ट थोडी वेगळी. अमेरिकेत गोळ्या स्ट्रिपऐवजी बहुतेक बाटलीत मिळतात आणि बाटलीवर पेशंटच्या नावाचं छापील इंग्रजी लेबल असतं. न्यूयॉर्क राज्यात मोठ्या साखळी फार्मसींना चिनी, इटालियन, रशियन आणि स्पॅनिश पेशंटसाठी भाषांतर मोफत द्यावं लागतं, कॅलिफोर्नियात चिनी, कोरियन, रशियन, स्पॅनिश आणि व्हिएतनामी भाषेत सूचना मागता येतात. मराठी या दोन्ही याद्यांमध्ये नाही. पण बऱ्याच मोठ्या फार्मसी आणि हॉस्पिटलं फोनवर दुभाषा जोडून देतात, "मराठी" असं स्पष्ट सांगा, नाहीतर भारतीय म्हटल्यावर हिंदीवाला जोडतील. आणि त्या बाटलीवर तुमचं मराठी लेबल तुम्हालाच लावायचंय.

तिथलाच एक किस्सा भाषांतरवाल्या सगळ्यांना माहीत असतो: इंग्रजीत "एकदा" ला जो शब्द आहे तो तसाच्या तसा स्पॅनिशमध्ये लिहिला तर त्याचा अर्थ अकरा होतो. निम्मं लेबल इंग्रजी, निम्मं स्पॅनिश असं छापलं की एकदाची गोळी अकरा वेळा. म्हणून खिचडी लेबल नको, आपल्याकडेही "१ गोळी बीडी" असलं अर्धवट काही लिहू नका.

इथून औषधं घेऊन जाणार असाल तर मूळ स्ट्रिप आणि टाइप केलेली इंग्रजी चिठ्ठी सोबत हवी. मराठी पिशव्या त्याच्यावरून, त्याच्याऐवजी नाही.

१०. दर वेळी नवीन चिठ्ठी आली की

एक कोरा कागद, वर तारीख, खाली सगळ्या चालू गोळ्यांची यादी, मराठीत आणि शेजारी इंग्रजीत. मराठी आईसाठी, इंग्रजी रात्री-अपरात्री ॲडमिट करावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांसाठी. कशाची ॲलर्जी असेल तर ती लाल पेनाने सगळ्यात वर. एक प्रत डब्यात, एक फोटो तुमच्या मोबाईलमध्ये, एक शेजाऱ्यांकडे. जुना कागद फाडून टाका, दोन तारखांचे दोन कागद डब्यात राहिले की आई हमखास जुना वाचणार.

बंद केलेल्या गोळ्या "असू दे, लागतील" म्हणून ठेवू देऊ नका. यावर आमच्याकडे दर वेळी भांडण होतं, कारण पैसे घालून आणलेल्या असतात. न उघडलेली अख्खी स्ट्रिप आणि बिल असेल तर काही मेडिकलवाले परत घेतात, आधी तिथे विचारा. उरलेल्या घेऊन मी पुण्याला येते, आईच्या समोर कचऱ्यात टाकत नाही.